यीस्ट स्टार्टर सुस्त पडलाय? होमब्रूइंग करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इकडे अमेरिकेत घरी बीअर बनवणाऱ्या मराठी मंडळींचा ठरलेला प्रश्न म्हणजे "स्टार्टर लावलाय पण काहीच होत नाहीये, आता काय करू?" आणि तो हमखास शुक्रवारी रात्री येतो, कारण शनिवारी सकाळी ब्रू डे असतो, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरडून झालेलं असतं आणि मित्रांना बोलावलेलं असतं. त्यामुळे सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: फेस बघून निर्णय घेऊ नका, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, साखर संपत जाते तशी ती उतरते) मोजून घ्या, आणि मोजल्यावर यीस्ट खरंच गेलेलं निघालं तर ब्रू डे पुढे ढकला. माल्ट आठवडाभर थांबतं, त्याला काही होत नाही.

स्टार्टर म्हणजे नक्की काय आणि तो लागतो कशाला?

लिक्विड यीस्टचं पाकीट थेट मोठ्या बॅचमध्ये ओतण्याआधी एक-दोन लिटर पातळ वॉर्टमध्ये (माल्टच्या गोड काढ्यात) वाढवून घ्यायचं, तो स्टार्टर. १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे डीएमई (वॉर्ट वाळवून केलेली पावडर), १०-१५ मिनिटं उकळायचं, थंड करायचं, यीस्ट घालायचं, बस. ग्रॅव्हिटी १.०३७ च्या आसपास येते.

लागतो कशाला, तर आकडेमोड अशी आहे. एल बीअरला (खोलीच्या तापमानाला आंबणारी) दर मिलिलिटरला, दर डिग्री प्लेटोमागे (वॉर्टमधल्या साखरेचं माप) साधारण साडेसात लाख पेशी लागतात, लागरला (थंडीत आंबणारी) त्याच्या दुप्पट. ५ गॅलनची म्हणजे १९ लिटरची बॅच, ग्रॅव्हिटी १.०५०, तर एलसाठी १७५ अब्ज पेशींच्या आसपास आणि लागरसाठी ३५० अब्ज. पाकिटात नवं असताना १०० अब्ज धरतात आणि तुमच्या हातात येईपर्यंत त्यातल्या काही मेलेल्या असतात. ही तूट स्टार्टर भरून काढतो. पण माझ्या मते त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे, ते म्हणजे यीस्ट जिवंत आहे की नाही हे १९ लिटर वॉर्ट पणाला लावायच्या आधी कळतं. स्टार्टर सुस्त पडला तर वैतागू नका, ज्याच्यासाठी तो लावला ती बातमी त्याने दिलेली आहे.

बारा तास झाले, फेस नाही, बुडबुडे नाहीत. यीस्ट मेलं का?

बहुतेक वेळा नाही. ताज्या पाकिटाचा स्टार्टर ६-८ तासांत हलायला लागतो, पण तीन-चार महिने जुनं पाकीट असेल तर २४ तास लागू शकतात आणि त्याहून जुनं असेल तर ३६-४८ तास काहीच दिसत नाही आणि मग एकदम सुरू होतं. त्या काळात जिवंत उरलेल्या पेशी आधी स्वतःची डागडुजी करत असतात, ऑक्सिजन घेऊन पेशीच्या आवरणाला लागणारे स्टेरॉल तयार करतात, माल्टोज (माल्टमधली साखर) आत ओढायची यंत्रणा उभी करतात, आणि मगच दुप्पट-चौपट व्हायला लागतात. शिवाय शंभरातल्या पंचवीसच जिवंत असतील तर आपल्या डोळ्यांना दिसण्याइतकं काही घडायला आणखी दोन पिढ्या जाव्या लागतात.

स्टर प्लेटवर (चुंबक फिरवून फ्लास्कमधलं द्रव ढवळत ठेवणारं यंत्र) ठेवलं असेल तर गंमत वेगळीच, फेस बऱ्याचदा येतच नाही. चुंबक सतत फिरत असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, वर फेसाचा थर जमायला संधी मिळत नाही. आणि कधीकधी सगळा कार्यक्रम रात्री तुम्ही झोपल्यावर होऊन सकाळी उठेपर्यंत संपलेला असतो, म्हणजे तुम्ही ज्याला "अजून सुरूच नाही झालं" म्हणताय ते प्रत्यक्षात पूर्ण झालेलं असतं! चांगलं यीस्ट टाकून बाहेर ओतलं जातं ते याच गैरसमजातून, म्हणून ओतायच्या आधी पुढचं उत्तर वाचा.

मग सुरू झालाय की नाही हे ओळखायचं कसं?

पहिलं म्हणजे रंग. सुरुवातीचं वॉर्ट पारदर्शक तपकिरी असतं, यीस्ट वाढल्यावर ते फिकट आणि गढूळ होतं. स्टर प्लेट दोन मिनिटं बंद करा, फ्लास्क हळूच गोल फिरवा, बारीक बुडबुडे भराभर वर आले तर काम चालू आहे. फ्लास्कच्या काचेला वरच्या बाजूला फेसाची वाळलेली रेघ दिसली तर रात्री फेस येऊन गेलाय.

दुसरं आणि खरं म्हणजे ग्रॅव्हिटी. १.०३७ ने सुरू केलं असेल आणि आता १.०१० च्या आसपास असेल तर यीस्टने आपलं काम केलंय, विषय संपला. १.०३० असेल तर सुरू आहे, थांबा. ३६-४८ तासांनंतरही १.०३७ वरून हललंच नसेल तर काळजीचं कारण आहे. ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या तरंगत्या हायड्रोमीटरला १०० मिलिलिटरच्या आसपास नमुना लागतो, लहान स्टार्टरमधून तेवढं काढायला जीवावर येतं, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं उपकरण) वापरा, दोन थेंबांत होतं. फक्त अल्कोहोल तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर जास्त आकडा दाखवतो हे लक्षात ठेवा. सुरुवातीला ९ ब्रिक्स (त्याचं साखरेचं माप) होतं आणि आता ५ च्या आसपास दिसतंय तर खरी ग्रॅव्हिटी १.०१० च्या जवळपास आलेली असते, "अजून निम्मी साखर बाकी आहे" असं समजू नका. आणि काढलेला नमुना परत फ्लास्कमध्ये ओतायचा नाही, चव घेऊन बघा, गोड लागतंय की नाही ते जिभेलाही कळतं.

तिसरं, गाळ. फ्लास्क फ्रिजमध्ये १२-२४ तास ठेवला की तळाला जे बसतं त्यात दोन थर दिसतात. माल्टमधल्या प्रोटीनचा गाळ करडा-तपकिरी आणि तुटक असतो, यीस्टचा थर सायीच्या रंगाचा, गुळगुळीत आणि एकसंध असतो. फक्त करडा गाळ दिसला तर यीस्ट वाढलेलं नाही.

कोणाकडे मायक्रोस्कोप असेल तर मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाकून ४०० पट मोठं करून बघा, मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंगहीन राहतात. बऱ्याच पेशी मेलेल्या असतील तर ही टेस्ट अचूक आकडा देत नाही, पण "काही जिवंत आहे का" याचं उत्तर मिळतं.

सुस्त पडण्याचं सगळ्यात कॉमन कारण कोणतं?

जुनं किंवा उन्हात भाजून आलेलं यीस्ट. बाकी सगळी कारणं त्यानंतर येतात.

जुन्या ऑनलाइन कॅल्क्युलेटर्समध्ये दर महिन्याला साधारण २० टक्के पेशी मरतात असं धरलेलं असतं. त्या हिशेबाने सहा महिन्यांच्या पाकिटात २५ टक्केच उरतात, म्हणजे १०० अब्जातल्या २५ अब्ज. पॅकिंग सुधारल्यापासून प्रत्यक्षात एवढं नुकसान होत नाही असं बऱ्याच जणांना दिसतं, पण हे सगळं फ्रिजमधल्या यीस्टबद्दल. जुलैमध्ये टेक्सासला किंवा फिनिक्सला पार्सल दोन दिवस ट्रकमध्ये आणि मग दिवसभर दारात उन्हात, त्या यीस्टला कुठलाच कॅल्क्युलेटर लागू पडत नाही. उन्हाळ्यात ऑर्डर करायचं तर सोमवारी करा म्हणजे वीकेंडला गोदामात पडून राहणार नाही, आइस पॅक मागवा, आणि जमत असेल तर गावातल्या होमब्रू दुकानातून फ्रिजमधलं पाकीट तारीख बघून उचला. दोन डॉलर जास्त गेले तरी चालतील. पार्सल घरी आल्याआल्या फ्रिजमध्ये जायला हवं, फ्रीझरमध्ये अजिबात नाही, गोठलं की आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटतात.

घर थंड आहे, त्याने फरक पडतो का?

खूप. एल असो की लागर, स्टार्टर २० ते २५ डिग्री सेल्सियसला म्हणजे ६८ ते ७७ फॅरनहाइटला ठेवायचा. शिकागो, मिनियापोलिस, टोरांटो अशा ठिकाणी हिवाळ्यात आपण रात्री हीटिंग कमी करतो, स्वयंपाकघर १६-१७ डिग्रीवर येतं, ग्रॅनाइटचा ओटा त्याहून गार असतो आणि फ्लास्क त्याच्यावरच ठेवलेला असतो. थंडीत दही लागायला जसा दीडपट वेळ लागतो तसंच आहे हे, विरजण खराब नसतं. फ्लास्क फ्रिजच्या वर ठेवा, किंवा लाइट लावलेल्या बंद ओव्हनमध्ये ठेवा, पण थर्मामीटर ठेवून, कारण काही ओव्हनमध्ये नुसत्या बल्बने ३५ च्या वर जातं. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की आत काहीतरी आहे, ओव्हन चालू करू नका.

उलट बाजूने, वॉर्ट नीट थंड व्हायच्या आधी यीस्ट घालणं हा खून आहे. ४० डिग्रीच्या वर बहुतेक एल यीस्टचं काही खरं नसतं. भांड्याला बाहेरून हात लावून अंदाज बांधू नका, थर्मामीटर बुडवा, अर्थातच सॅनिटाइज करून.

लागरचा स्टार्टरसुद्धा एवढ्या गरम तापमानाला? चव बिघडणार नाही?

स्टार्टर गार करून वरचं पाणी ओतून द्या, फक्त गाळ वापरा, मग चवीचा प्रश्न येत नाही. १० डिग्रीला लागरचा स्टार्टर वाढवायला गेलात तर आठवडा जाईल.

डीएमई संपलंय, साखर किंवा गूळ घालून स्टार्टर लावला तर?

नको. हा प्रश्न मराठी माणूसच विचारतो आणि मला त्यामागचा विचार कळतो, गूळ घरात असतोच, आणि यीस्ट त्याच्यावर फसफसतंसुद्धा जोरात. पण साखरेत आणि गुळात यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजन म्हणजे अमिनो आम्लं जवळजवळ नाहीतच, ती माल्टमध्ये असतात. शिवाय साध्या साखरेवर वाढलेलं यीस्ट माल्टोज पचवायची यंत्रणा बंद करून बसतं, मग त्याला खऱ्या वॉर्टमध्ये टाकलं की परत सगळं सुरू करायला वेळ लागतो आणि बीअर अर्धवट अडकते. फेस भरपूर आणि यीस्ट कमजोर, अशी अवस्था.

डीएमई नसेल तर मागच्या ब्रू डेचं जास्तीचं वॉर्ट फ्रीझरमध्ये ठेवलेलं असेल ते काढा, पाणी घालून १.०३७ करा, परत उकळा. तेही नसेल तर दुकान उघडायची वाट बघा.

जास्त दाट वॉर्ट केलं तर यीस्टला जास्त खायला मिळून लवकर वाढेल ना?

उलटं होतं. १.०४० च्या वर गेलं की ऑस्मोटिक दाब वाढतो, वाढीपेक्षा सहन करण्यात यीस्टची ताकद जाते. इम्पीरियल स्टाउट करायची असली तरी स्टार्टर १.०३७ चाच. आणि अगदी जुनं, अशक्त यीस्ट किंवा बाटलीच्या तळातलं यीस्ट जागं करायचं असेल तर पहिली पायरी आणखी पातळ, १.०२० ची करा.

चार-सहा महिने जुनं पाकीट आहे, फेकू का वाचवू?

नेहमीचं यीस्ट असेल, दुकानात सहज मिळत असेल, तर नवीन आणा, वेळ वाचेल. पण सीझनल स्ट्रेन (ठरावीक हंगामातच मिळणारी यीस्टची जात) असेल, परत वर्षभर मिळणार नसेल, तर वाचवण्यासारखं असतं आणि मला स्वतःला हे काम फार आवडतं. पायऱ्यांनी करायचं. पहिली पायरी ३००-५०० मिलिलिटर, ग्रॅव्हिटी १.०२०-१.०३०, चिमूटभर यीस्ट न्यूट्रिएंट, तापमान २२-२४. लहान का, तर थोड्याशा जिवंत पेशी दोन लिटरमध्ये टाकल्या तर त्या सगळं वॉर्ट ताब्यात घ्यायच्या आधी तिथे एखादा जंतू शिरायला भरपूर वेळ मिळतो. पेशी जितक्या कमी तितकं घर लहान ठेवायचं. ग्रॅव्हिटी खाली आली की फ्रिजमध्ये एक दिवस, वरचं पाणी ओतायचं, मग दीड-दोन लिटरचं ताजं वॉर्ट १.०३७ चं, परत स्टर प्लेटवर. दुसरी पायरी पहिलीपेक्षा कितीतरी जोरात चालते, तिथेच कळतं की वाचलं.

मात्र पहिल्या पायरीत ग्रॅव्हिटी हललीच नसेल तर त्याच्यावर आणखी वॉर्ट ओतून काही होत नाही, उलट जंतूंना मेजवानी.

मोठ्या ब्रुअरीजमध्येही हेच चालतं बरं का, फक्त टाक्या मोठ्या. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सनने १८८३ मध्ये एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट बीअर बनवायला वापरलं, तेव्हापासून एका पेशीचे थेंबभर, थेंबाचे फ्लास्कभर, फ्लास्कची टाकीभर अशी पायऱ्यांची पद्धत जगभर रुळली. आपण किचनमध्ये त्यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या करतो.

ऑक्सिजन मिळावा म्हणून काय करायचं? एअरलॉक लावू की नको?

एअरलॉक (गॅस बाहेर जाऊ देणारी पण हवा आत न येऊ देणारी नळी) नको. सॅनिटाइज केलेला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा तोंडावर सैलसर गुंडाळा. हवा आत-बाहेर होते आणि धूळ, जंतू वरून पडत नाहीत. यीस्टला दुप्पट होताना आवरणासाठी स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं लागतात आणि ती बनवायला ऑक्सिजन लागतो, एअरलॉक लावला की तो रस्ता बंद.

स्टर प्लेट असेल तर उत्तम, पाण्यात छोटासा खळगा दिसेल एवढाच वेग पुरतो, वादळ उठवायची गरज नाही. दीड लिटरच्या स्टार्टरमध्ये स्टर प्लेटवर ताज्या पाकिटाच्या पेशी कॅल्क्युलेटरप्रमाणे दुपटीच्या वर जातात. स्टर प्लेट नसेल तर चार-पाच लिटरच्या काचेच्या जगमध्ये एक लिटर वॉर्ट घ्या, यीस्ट घालायच्या आधी झाकण लावून इतका हलवा की जग फेसाने भरेल, आणि मग जाता-येता हलवत राहा, यानेही छान काम होतं आणि खर्च शून्य. नुसतं एका जागी ठेवलेल्या स्टार्टरमध्ये यीस्ट तळाला बसून राहतं आणि तुम्हाला सुस्त वाटतं, त्यातले कितीतरी स्टार्टर एकदा जोरात हलवल्यावर अर्ध्या तासात फसफसायला लागतात.

दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये दीड लिटरच्या वर भरू नका, उतू जातो. अँटीफोमचे दोन थेंब टाकले तर बरं, त्यात सिमेथिकॉन असतं, होमब्रू दुकानात मिळतं. बाळांच्या पोटदुखीचे थेंब वापरायचे असतील तर लेबल वाचा, काहींमध्ये शेपूचं किंवा बडीशेपेचं तेल असतं, ते नको.

न्यूट्रिएंट घालायलाच हवं का?

चांगल्या डीएमईत अमिनो आम्लं पुरेशी असतात, झिंक मात्र कमी पडू शकतं, त्यामुळे लिटरला चिमूटभर यीस्ट न्यूट्रिएंट उकळतानाच घाला. घरात नसेल तर ब्रेडच्या यीस्टचा अर्धा चमचा वॉर्टमध्ये १५ मिनिटं पूर्ण उकळा, मेलेल्या पेशींमधलं सगळं पोषण जिवंत पेशी वापरतात. उकळल्याशिवाय घातलंत तर मात्र तुमची बीअर ब्रेडच्या यीस्टची होईल. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं त्याने स्टार्टर बंद पडेल इतकं काही होत नाही, पण चवीसाठी मोठ्या बॅचच्या पाण्यात कॅम्पडेन टॅब्लेट (क्लोरीन घालवणारी गोळी) टाकता तसं इथल्या पाण्यातही टाकलेलं बरं.

वायीस्ट कंपनीच्या पाकिटातली पोषणाची पुडी दाबून फोडली पण पाकीट फुगलंच नाही. बाद का?

आधी हाताने चाचपून बघा की आतली छोटी पुडी खरंच फुटली आहे का, बऱ्याचदा ती घसरून कोपऱ्यात जाते आणि आख्खी राहते. फुटलेली असेल आणि तरी फुगलं नसेल तर ते जुनं आहे किंवा थंड आहे, पण पूर्ण फुगणं ही वापरण्याची अट नाहीये. स्टार्टरमध्ये घाला आणि ग्रॅव्हिटीला विचारा.

ड्राय यीस्टचा स्टार्टर सुस्त झालाय, काय करू?

ड्राय यीस्टचा स्टार्टर करायचाच नसतो. यूएस-०५, एस-०४, नॉटिंगहॅम, डब्ल्यू-३४/७० ही यीस्ट कारखान्यात वाळवायच्या आधी स्टेरॉलचा साठा भरून तयार केलेली असतात, आणि ११-१२ ग्रॅमच्या पाकिटात नेहमीच्या एलला पुरतील एवढ्या पेशी असतात. स्टार्टर केला की तो भरलेला साठा तिथेच खर्च होतो. लागरला किंवा जड बीअरला दुसरं पाकीट घाला, स्वस्तच पडतं. लॅलेमंड आणि फर्मेंटिस या दोन्ही यीस्ट कंपन्यांच्या पाकिटावर थेट टाकायचं की पाण्यात भिजवायचं ते आणि पाण्याचं तापमान लिहिलेलं असतं, ते पाळा.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो, फ्रिजच्या दारात यूएस-०५ चं एक पाकीट कायम पडू द्या. शनिवारी सकाळी स्टार्टर मेलेला निघाला आणि पाणी ऑलरेडी तापलेलं असेल तर तेच पाकीट तुमचा दिवस वाचवतं. हेफेवायझन (जर्मन पद्धतीची गव्हाची बीअर) होणार नाही, साधी पेल एल होईल, पण चांगली होईल.

स्टार्टरला वेगळाच वास येतोय, चालेल?

ब्रेडचा, फ्लॅट बीअरचा, थोडासा हिरव्या सफरचंदाचा वास चालतो. लागर यीस्टला सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास आला तरी घाबरू नका, तो जातो. बेल्जियन आणि हेफेच्या यीस्टला लवंगेचा, केळ्याचा वास येणारच. पण व्हिनेगर, ओकारीसारखा वास, किंवा साध्या अमेरिकन एल यीस्टला लवंग-प्लास्टिक-औषधाचा वास आला, किंवा वर कोरडी पापुद्र्यासारखी साय धरली, तर ओतून द्या. दहा-बारा डॉलरचा विचार करून १९ लिटर बीअर घालवायची नाही.

स्टार्टर उकळलेल्या वॉर्टमध्येच लावा, भांडं, फॉइल, चुंबक, कात्री, आणि पाकिटाची बाहेरची बाजूसुद्धा स्टार सॅनमधून (जंतुनाशक द्रावणातून) काढा. कात्री सगळे विसरतात.

वॉर्ट आधीच बनवून बाटल्यांत भरून ठेवलं तर?

फ्रीझरमध्ये ठेवा, वापरताना परत उकळा. पण साध्या उकळलेल्या वॉर्टच्या बरण्या बाहेर कपाटात अजिबात ठेवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. वॉर्टचा पीएच ५ च्या वर असतो, ४.६ च्या वरच्या पीएचला, हवाबंद बरणीत बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू १०० डिग्रीला उकळून मरत नाहीत. त्यांना प्रेशरखाली १२१ डिग्री लागतं. आपल्या घरातल्या शिट्टीच्या कुकरमध्ये त्याच दिवशी वापरायचं वॉर्ट केलं तर झकास, पण महिनोन्महिने बाहेर टिकवण्यासाठी तो कुकर भरवशाचा नाही.

स्टार्टर एकदम झकास झाला, पण बीअरमध्ये घातल्यावर दोन दिवस शांतता. आता?

मग दोष स्टार्टरचा नाही, बीअरच्या वॉर्टकडे बघा. फ्रिजमधून काढलेला ४ डिग्रीचा गाळ थेट २० डिग्रीच्या वॉर्टमध्ये घालण्यापेक्षा तासभर बाहेर ठेवून घालावा. उलटा झटका जास्त वाईट, २४ डिग्रीचं चालू यीस्ट १० डिग्रीच्या लागर वॉर्टमध्ये घातलं तर ते दबकून बसतं. मग ऑक्सिजन, मोठ्या बॅचला साधारण ८ ते १० पीपीएम लागतो, नुसत्या हवेने हलवून फार तर ८ पर्यंत जातं, म्हणून बादली खरंच जोरात हलवायला हवी, आणि १.०७० च्या वरच्या बीअरला शुद्ध ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेणं योग्य. बादलीचं झाकण गळत असेल तर एअरलॉक कधीच बुडबुडणार नाही, आत मस्त फेस असला तरी, त्यामुळे इथेही आधी ग्रॅव्हिटी. ७२ तासांत अजिबात हलली नाही तर ड्राय यीस्टचं ते फ्रिजमधलं पाकीट घाला.

स्टार्टरच्या भानगडीतून सुटायचा काही मार्ग?

दोन आहेत. एक, जवळच्या क्राफ्ट ब्रुअरीत जाऊन स्वच्छ, सॅनिटाइज केलेली बरणी पुढे करून नम्रपणे यीस्टची स्लरी (टाकीच्या तळाचा दाट गाळ) मागा, बरेच ब्रुअर आनंदाने देतात, त्यांच्याकडे ती रोज गटारात जाते. कपभर ताजी स्लरी म्हणजे स्टार्टरचा विषयच नाही. स्वतःच्या मागच्या बॅचचा गाळसुद्धा फ्रिजमध्ये दोन आठवडे छान राहतो.

दुसरा मार्ग क्वाइक. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हे यीस्ट, लाकडी कड्यांवर वाळवून ठेवायचे आणि पुढच्या वेळी परत वापरायचे. व्हॉस भागातलं क्वाइक ३५ ते ४० डिग्रीला खुशाल चालतं, दोन-तीन दिवसांत बीअर आंबवून मोकळं होतं आणि संत्र्यासारखा वास देतं. ह्यूस्टनच्या गॅरेजमध्ये ऑगस्टमध्ये बीअर करायची तर यासारखं दुसरं काही नाही. लॅलेमंडचं व्हॉस ड्राय मिळतं, त्याला स्टार्टर लागत नाही. फक्त हलक्या बीअरमध्ये न्यूट्रिएंट विसरू नका, या यीस्टला खायला भरपूर लागतं, उपाशी राहिलं तर तेही सुस्तावतं.

हे सगळं पुण्यात किंवा मुंबईत करता येईल का?

कायद्याने नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली लायसन्सशिवाय मद्य बनवता येत नाही आणि बीअरही त्यात येते. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बीअर फेडरल पातळीवर मोकळी झाली, घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, विकायची नाही. राज्यांचे कायदे वेगळे, अलाबामा आणि मिसिसिपी तर २०१३ मध्ये शेवटी आले. ब्रिटनमध्ये १९६३ पासून लायसन्स लागत नाही. तुम्ही जिथे राहता तिथलं बघून घ्या.

स्टार्टर तयार झाला पण ब्रू डे पुढे गेला. किती दिवस ठेवू?

फॉइल घट्ट करून फ्रिजमध्ये ठेवा, वरचं पाणी ओतू नका, तेच यीस्टचं पांघरूण आहे. आठवडाभर काही चिंता नाही. दोन आठवडे झाले तर ब्रू डेच्या आदल्या दिवशी पाणी ओतून अर्धा लिटर ताजं वॉर्ट घालून जागं करा. महिना झाला तर त्याला जुनं पाकीट समजा आणि वर सांगितलंय तसं पहिल्या पायरीपासून सुरू करा.